आधी कचरावेचकाला विचारा

रविवारी सकाळी सोसायटीच्या फाटकाशी टेबल मांडून रद्दी, पुठ्ठे, बाटल्या, पत्र्याचे डबे गोळा करणारे स्वयंसेवक आता बहुतेक शहरांत दिसतात. सुट्टीची झोप मोडून येणारी ही माणसं मनापासून काम करतात. मी स्वतः पुण्यातल्या अशाच एका गटात आहे, त्यामुळे या कामामागची कळकळ मला जवळून ठाऊक आहे. तरीही त्या टेबलापाशी उभं राहून एक प्रश्न विचारायलाच हवा असं मला वाटतं. आज जमलेला हा माल आपण गोळा केला नसता, तर कुठे गेला असता?

कचरा डेपोवर तर तो गेलाच नसता. रद्दी रद्दीवाल्याने नेली असती. पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या रोज दारावर येणाऱ्या कचरावेचक बाईने बाजूला काढल्या असत्या आणि दुपारी भंगारच्या दुकानात वजनावर घातल्या असत्या. आपण वाचवला म्हणतो तो कचरा आधीच वाचत होता. त्याचे पैसे तेवढे तिच्याऐवजी दुसरीकडे गेले. पुष्कळदा ते एखाद्या चांगल्या संस्थेला देणगी म्हणून जातात, किंवा सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीत. हेतू चांगलाच असतो, पण देणगी दिली जाते ती कुणाच्या कमाईतून, हे पावतीवर लिहिलेलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: ज्या वस्तूला बाजारात भाव आहे तिला स्वयंसेवकांनी हात लावू नये. ज्याला कुणी विचारत नाही त्या कचऱ्याच्या मागे लागावं. आणि ज्यांचं पोट या कामावर आहे त्यांचं काम सोपं, सुरक्षित आणि नीट मोबदल्याचं होईल यासाठी आपला वेळ, शिक्षण आणि ओळखी वापराव्यात. हे तिसरं काम सगळ्यात कमी केलं जातं. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं आणि माणसांशी वाद घालावे लागतात.

पुण्याला या प्रश्नाचा इतिहास आहे. १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून काही कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायकांपर्यंत पोचल्या. डोक्यावर पोतं घेऊन उकिरडे आणि कचराकुंड्या धुंडाळण्याऐवजी या बायकांना थेट घरांतून वेगळा केलेला सुका कचरा मिळाला तर त्यांचे हात स्वच्छ राहतील, मालही चांगला मिळेल, असा साधा विचार होता. तो रुळतोय तोच त्या भागात एका उद्योजकाने गाडी लावून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. शहराच्या दृष्टीने ही सोयच होती. त्या बायकांच्या दृष्टीने मात्र रोजचा माल डोळ्यांदेखत गाडीत चढत होता. त्यांनी विरोध केला, आणि पुढे १९९३ मध्ये बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्या सभासदांच्या ओळखपत्रांना महापालिकेची मान्यता मिळाली. २००८ मध्ये याच संघटनेतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. घरटी महिन्याला ठरावीक शुल्क, आणि सुक्या कचऱ्यातल्या मालावर वेचणारीचा हक्क, अशी ही व्यवस्था. मालावरचा हा हक्क काढून घेतला तर नुसत्या शुल्कावर घर चालत नाही.

गाडीवाल्या उद्योजकाच्या आणि आपल्या रविवारच्या टेबलाच्या हेतूंत मोठा फरक आहे. पण ज्या बाईचा माल जातो, तिच्या हिशेबात दोन्हीकडून तूटच येते.

तिचा हिशेब कसा चालतो हे एकदा तरी शेजारी बसून पाहावं. आमच्या भागात सकाळचा फेरा झाला की दोघीतिघी रस्त्याच्या कडेला ढकलगाड्या लावून वर्गवारी करायला बसतात. एक पिशवी सोडली जाते. वर वर्तमानपत्र, खाली आदल्या रात्रीच्या जेवणाच्या मागवलेल्या पार्सलचे डबे, त्यांतल्या एकात अर्धी वाटी रस्सा. तो पुठ्ठ्याच्या खोक्यावर सांडून खोकं मऊ पडलेलं. ओला पुठ्ठा दुकानदार एकतर घेत नाही किंवा वजनात कापतो. ती तो उन्हात टाकते, पावसाळा असला तर सोडून देते. पुढे एक प्लास्टिकचं झाकण. बोटांत धरून वाकवलं, चुरगाळलं, आवाज ऐकला की तिला कळतं ते कोणत्या ढिगात जायचं ते. आपल्याला त्याच्या पाठीवरचा त्रिकोणातला आकडा शोधावा लागतो, तिला लागत नाही. दुधाची पिशवी चिकट असली तर वेगळी. पिशवीचा कोपरा कापून टाकलेला असेल तर तो नखाएवढा तुकडा कायमचा हरवलेला, त्याला कुणीच वेचू शकत नाही. मग वर्तमानपत्रात न गुंडाळलेलं दाढीचं पातं. हातमोजे का घालत नाही असं आपण विचारतो. घातले तर प्लास्टिक ओळखता येत नाही आणि वेगही निम्मा होतो, असं त्या सांगतात.

आपण स्वयंपाकघरात ओलं-सुकं वेगळं केलं नाही, तर त्याची किंमत भरणारी बाई अशी नेमकी समोर दिसते. तिचा तासभर वेळ जातो, माल भिजतो, बोट कापतं. ओला-सुका कचरा वेगळा करा हे आपण पर्यावरणाच्या नावाने इतकी वर्षं सांगतो आहोत की ते वाक्य भिंतीवरच्या रंगासारखं झालंय, डोळ्यांना दिसतच नाही. त्याऐवजी सोसायटीच्या बैठकीत कचरा उचलणाऱ्या मावशींनाच खुर्ची देऊन बसवावं आणि बोलू द्यावं. आमच्याकडे एकदा असं केलं. पत्रकांनी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपांनी ऐकलं नव्हतं त्या घरांनीही दुसऱ्या दिवसापासून दोन डबे ठेवले. ‘पर्यावरण’ हा शब्द त्या बैठकीत कुणी उच्चारला नव्हता.

यात एक गोष्ट गटांच्या लक्षात यायला फार वेळ लागतो. अनेक घरांत कचऱ्याची पिशवी बांधते ती घरकामाला येणारी ताई. आपण चेअरमनला पटवतो, घरमालकांना पत्रकं वाटतो, मुलांच्या चित्रकला स्पर्धा घेतो, आणि प्रत्यक्ष जिच्या हातून पिशवी भरली जाते तिच्याशी कुणीच बोललेलं नसतं. ती चार घरची कामं करते, प्रत्येक घराची पद्धत निराळी, आणि चूक झाली तर बोलणी तिलाच बसतात. तिच्याशी बोलायला स्वयंसेवकांना दुपारी वेळ काढावा लागेल, कारण रविवारी सकाळी ती भेटत नाही.

आता ओल्या कचऱ्याचं. पुण्यात गांडूळ खत प्रकल्प असलेल्या मिळकतींना करात ५ टक्के सवलत मिळते, आणि नव्या इमारतींना असा खड्डा बांधावाच लागतो. त्यामुळे खड्डे पुष्कळ आहेत. पार्किंगच्या मागे, पंपाच्या खोलीशेजारी, विटांचे चौकोनी हौद. बऱ्याच ठिकाणी त्यांत गांडूळ सोडाच, ओला कचराही नसतो. फुटक्या फरशा, जुनं कमोड, रंगाचे डबे पडलेले असतात. मग एखादा उत्साही गट उठतो, खड्डा साफ करतो, पालापाचोळा आणि कल्चर (कचरा कुजवणारे जिवाणू) आणतो, पाळ्या लावतो. काही महिने सुरेख चालतं. वास येत नाही, काळंभोर खत निघतं, लोक कुंड्यांसाठी नेतात. पुढे दोघांची बदली होते, एकीच्या सासूबाई आजारी पडतात, पावसाळ्यात पाणी जास्त होऊन अळ्या पडतात, तळमजल्यावरून तक्रार येते आणि खड्डा परत बंद.

यात कुणाच्या निष्ठेची उणीव नाही. रोज करायचं काम पाळीने आणि फुकट चालत नाही, एवढंच. वास आला की कोरडा पाला किंवा कोकोपीट वाढवायचं, कोरडं पडलं की ताकाचं पाणी शिंपडायचं, ठरावीक दिवसांनी उलथापालथ करायची. हे कौशल्याचं काम आहे आणि त्याला पगार हवा. जिथे सोसायट्यांनी हे काम कचरावेचकांकडे रीतसर सोपवून महिन्याचे पैसे ठरवले, तिथले खड्डे वर्षानुवर्षं चालताना मी पाहते आहे. कचऱ्याच्या कामात स्वयंसेवक गट यशस्वी झाला असं मी तेव्हाच म्हणेन, जेव्हा त्याने सुरू केलेलं काम कुणाच्या तरी पगाराचं होईल आणि गटाची तिथे गरज उरणार नाही. बरेच गट नेमकं इथेच अडखळतात. स्वतः राबण्यात समाधान मिळतं. पगाराचा विषय काढला की मात्र जनरल बॉडीत दोन-दोन तास भांडावं लागतं, दरडोई किती पडेल याचा तक्ता मांडावा लागतो, कुणीतरी “एवढे पैसे कशाला” म्हणतं. ते भांडण हीच खरी सेवा आहे, आणि ते करायला कचरावेचक बाईला त्या सभेत मत नसतं.

मग स्वयंसेवकांनी काहीच गोळा करू नये का? करावं की. ज्याला भाव नाही असा कचरा ढिगाने पडलेला आहे. झाडांचा पाला घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यातल्या रस्त्यांवर आणि सोसायट्यांत पानगळीचे ढीग पडतात आणि पहाटे सर्रास पेटवले जातात. ‘ब्राऊन लीफ’ नावाच्या गटाने यावर फार साधी गोष्ट केली: ज्यांच्याकडे पाला नको आहे आणि ज्यांना बागेसाठी, खतासाठी हवा आहे, त्यांची गाठ घालून दिली. यात कुणाचा रोजगार गेला नाही, जाळणं थांबलं, आणि गच्चीवर बाग करणाऱ्यांना पोती भरून पाला मिळू लागला. विसर्जनाच्या दिवशी घाटांवरचं निर्माल्य हेही असंच काम. तिथे एका दिवसात शेकडो हात लागतात, आणि ‘स्वच्छ’च्या सभासद व शहरातले स्वयंसेवक शेजारी शेजारी उभे राहून नदीत जाणारी फुलं, हार, नारळ वेगळे काढतात. थर्माकोल, फाटके कपडे, जुन्या गाद्या, वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं यांतलं काहीच भंगारवाला सहजी घेत नाही. इथे आपण घुसावं.

चकचकीत पाकिटांचा प्रश्न गोळा करून सुटणारा नाही, हेही त्याच दमात सांगायला हवं. प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असल्यामुळे ते सोडवणं परवडत नाही. ज्यांनी ते बनवलं त्यांनी परत न्यावं, हे तत्त्व आपल्याकडे २०११ च्या प्लास्टिक कचरा नियमांत आलं आणि २०१६ च्या नियमांत आणखी पक्कं झालं. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली तेव्हा दुधाच्या पिशवीवर ५० पैसे अनामत ठेवायची कल्पनाही मांडली गेली होती. ती आपल्या रोजच्या दूधवाल्याच्या व्यवहारात कधी उतरली नाही. त्या अनामतीचं काय झालं, हे विचारत राहणं कुणाचं काम? ज्यांना सरकारी अधिसूचना वाचता येते, माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, त्यांचं. म्हणजे आपलंच.

या बाबतीत कचरावेचक बायका आपल्यापेक्षा धीट निघाल्या आहेत. वापरलेले सॅनिटरी पॅड उघड्या हातांनी हाताळायला लागतात म्हणून २०१३ मध्ये त्यांनी ते गोळा करून बनवणाऱ्या बड्या कंपन्यांच्या कार्यालयांना परत पाठवले. तुमचा माल, तुम्हीच सांभाळा. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅडसोबत ते गुंडाळून टाकण्यासाठी पिशवी किंवा वेष्टन द्यावं, अशी जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे पिशवी उघडण्याआधीच कळेल, ही पुण्यात रुजवलेली पद्धतही अशा बायकांच्या मागणीतूनच आली. आपल्या घरात हा लाल ठिपका काढला जातो का, हे पाहायला कुठल्याही गटाचं सभासदत्व लागत नाही. पुरुषांनीही ते पाहावं.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. आम्ही कर भरतो, कचरा उचलणं महापालिकेचं काम आहे, आम्ही का राबायचं? कर आपण भरतो हे खरं आहे आणि महापालिकेला मोकळं सोडू नये हेही खरं. पण पुण्याच्या कराची पावती उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना दाखवून पाहा. पुण्याचा कचरा त्यांच्या शिवारात वर्षानुवर्षं टाकला गेला, विहिरींचं पाणी नासलं. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागल्यावर त्यांनी गाड्या अडवल्या, आणि तीन आठवड्यांच्या आसपास पुण्याच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा टाकला जातो. तिथे २०१६ च्या जानेवारीत लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. त्या धुरात राहणारी माणसं म्हणजे प्रामुख्याने गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीतली गरीब कुटुंबं. आपला ओला कचरा आपल्या आवारात जिरवायचा तो एवढ्यासाठी, की नाहीतर तो त्यांच्या नाकाशी जातो. महापालिका चांगली की वाईट यावर हे अवलंबून नाही. सगळ्यात कार्यक्षम महापालिकाही तो कचरा कुणाच्या तरी दारातच नेऊन टाकणार.

टेकडीवर धावता धावता कचरा उचलण्याच्या मोहिमांबद्दल मला थोडं वेगळं वाटतं. तरुण मुलंमुली हातात पोती घेऊन निघतात, वाकून दुसऱ्याने टाकलेली बाटली उचलतात, ही सवय मोलाची आहे; ज्याने एकदा शंभर गुटख्याच्या पुड्या वेचल्या तो स्वतः कधी पुडी टाकत नाही. पण ते भरलेलं पोतं पुढे कुठे गेलं, हे मोहिमेच्या आयोजकांना सांगता आलं पाहिजे. ते जर सरसकट मिसळून घंटागाडीत आणि तिथून डेपोवर जात असेल, तर टेकडीवरचा कचरा फुरसुंगीला पोचवण्यापलीकडे काही झालं नाही. आणि टेकडीच्या पायथ्याशी कचरापेटी का नाही, हे विचारायला क्षेत्रीय कार्यालयात कुणी गेलं का? मोहिमेला पन्नास जण येतात. आरोग्य निरीक्षकाला भेटायला मंगळवारी सकाळी अकरा वाजता दोघे मिळायची मारामार.

महाराष्ट्रात घाणीच्या कामाला स्वेच्छेने हात लावणाऱ्यांची एक मोठी परंपरा आहे आणि तिच्याकडून आपण अर्धंच घेतलं, असं मला वाटतं. कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून उपोषण केलं. एका जातीच्या माथी मारलेलं काम ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसाने हक्काने मागितलं, याने तेव्हा मोठी खळबळ उडाली. पण अप्पा तिथे थांबले नाहीत. मैला कुणालाच डोक्यावरून वाहायला लागू नये, म्हणून त्यांनी सोप्या संडासांचे प्रयोग केले, कणकवलीजवळ गोपुरीत मैल्याचं आणि केरकचऱ्याचं खत करण्याची रीत बसवली. झाडू हातात घेणं ही सुरुवात होती, काम ज्या रीतीने चालतं ती रीत बदलणं हे पुढचं पाऊल. आज पुण्यात कचरा वेचणाऱ्या बहुसंख्य बायका दलित समाजातल्या आहेत. आपण हातमोजे घालून तासभर कचरा उचलला की कौतुक होतं, पेपरात नाव येतं. त्या रोज उचलतात आणि सोसायटीच्या लिफ्टमधून खाली जायला त्यांना मनाई असते. ही मनाई माझ्या ओळखीच्या एकाहून अधिक इमारतींत आहे. लिफ्टची ती पाटी काढायला लावणं हे कचरा कमी करण्याचं काम आहे का, असं मला एकाने विचारलं होतं. माझं उत्तर हो असं आहे. सहा मजले बकेट घेऊन जिन्याने उतरणाऱ्या बाईने प्रत्येक घरासमोर थांबून तुमचा कचरा तपासावा, चुकलं तर समजावून सांगावं, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

या सगळ्याची आज सगळ्यात मोठी निकड विचाराल तर ती जागेची आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत सुका कचरा अधिकृत कचरावेचकांना किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांना द्यावा असं लिहिलं गेलं, आणि वर्गवारीसाठी पुरेशी जागा द्यायची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली गेली. प्रत्यक्षात पुष्कळ जणी अजून फुटपाथवर, पुलाखाली, नाल्याच्या काठी बसून माल निवडतात. पावसात पुठ्ठा भिजतो, रात्री ढीग चोरीला जातो, अतिक्रमणवाले येऊन उचलून नेतात. वर पत्रे, खाली कोबा, पाण्याचा नळ, एक संडास आणि कुलूप लागेल असं दार, एवढी शेड मिळाली तर एका भागातल्या सगळ्या जणींचं उत्पन्न वाढतं आणि डेपोवर जाणारा कचरा घटतो. अशा शेडचा प्रस्ताव आला की त्या गल्लीतल्या रहिवाशांचं निवेदन तयार होतं: वास येईल, उंदीर होतील, फ्लॅटचे भाव पडतील. सह्या करणाऱ्यांत रविवारच्या टेबलावर बसणारेही असतात. पुढच्या वेळी असं निवेदन फिरेल तेव्हा आपल्या गटातल्या दहा जणांनी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन उलट अर्ज द्यावा की शेड आमच्या गल्लीत चालेल, तिच्या स्वच्छतेवर लक्ष ठेवायला आम्ही तयार आहोत, आणि कामाला सुरुवात कधी करणार ते लेखी कळवा.